झाड ‘आपलं’ कसं होतं?

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठावर इनामगाव आहे. गावाजवळ एक पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात ही पांढर थराथरानं उकलली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. खाली निघालं इसवीसनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. जव-मसूर पिकवणारं, नदीचं पाणी पाटानं वळवणारं, बोरं खाऊन बिया टाकणारं. आणि राहत्या घरांच्या जमिनीखाली पुरलेली त्यांची मेलेली माणसं! लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्याला मडकं तोंडाशी जोडून आडवी ठेवलेली. मोठी माणसं उताणी निजवलेली, आणि पाय घोट्यापासून तोडलेले.

पाय का तोडले असतील? उत्खनन करणाऱ्यांचा तर्क असा, की मेलेल्या माणसानं घर सोडून जाऊ नये म्हणून. हा तर्क बरोबर असेल, तर ‘इथून हलू नकोस’ हे सांगण्याची याहून टोकाची रीत माणसानं दुसरी शोधली नसेल. त्यात भीती किती आणि माया किती, हे हाडं सांगत नाहीत. पण माणूस, घर आणि ती नेमकी जमीन यांची गाठ किती घट्ट असू शकते, हे मात्र ती सांगतात.

हीच गाठ आजही कामाला लागलेली दिसते, आणि दिसते अगदी साध्या जागी: कुठल्या झाडाला पार बांधला जातो, कुठल्या झाडावर कुऱ्हाड चालते आणि कुठल्या झाडाकडे कुणी बघतसुद्धा नाही. हे ठरवताना आपण उपयोगाचा, पर्यावरणाचा, शास्त्राचा हिशेब करतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो हिशेब बराच आधी, मनातल्या मनात झालेला असतो.

आधी जमीन पाहू. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, ताम्हिणीच्या बाजूला, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंडला जेमतेम पाचशेच्या आसपास. एकच जिल्हा, पाऊस दहापट कमी! सह्याद्री ढगांना अडवून पिळून घेतो आणि उरलंसुरलं पूर्वेला पाठवतो.

त्यामुळे झाडावरची माया दोन्हीकडे वेगळ्या रूपात दिसते. पश्चिमेच्या डोंगरात देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या वाचकांना पहिल्यांदा नीट कळलं, की देवाच्या नावानं राखलेल्या या रानांतली वाळकी काटकीसुद्धा लोक घरी नेत नाहीत. पूर्वेला असं अख्खं रान राखायला पाऊसच नाही. म्हणून इथली माया एकेकट्या झाडावर जडते. पारावरचा पिंपळ, म्हसोबापुढचा लिंब, विहिरीच्या थारोळ्यावरचा उंबर, बांधावरची चिंच. या झाडांची माणसांसारखी ओळख असते. ‘लिंबाखाली या’ म्हटलं की गावात कुणी ‘कुठल्या?’ असं विचारत नाही.

आता शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला चला. पुण्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गावाच्या नावातच मोर आणि चिंच दोन्ही आहेत, आणि दोन्ही आजही शिवारात आहेत. चिंचा पेशव्यांच्या काळात लावल्या, असं गावात सांगतात. शेतं खाजगी, झाडं खाजगी, तरी मोर सगळ्या गावाचे. उन्हाळ्यात लोक त्यांच्यासाठी पाणी ठेवतात, दाणे टाकतात.

मोराला चिंच का लागते? मोर दिवसभर जमिनीवर चरतो. दाणे, कोंब, किडे, सरडे, जे मिळेल ते. पण रात्री जमिनीवर थांबला तर कोल्ह्याचं आयतं जेवण होईल. म्हणून अंधार पडायच्या बेताला तो एवढा पिसारा सांभाळत उंच झाडावर चढतो. उघड्या शिवारात भक्कम फांद्यांचं उंच झाड म्हणजे त्याचं रात्रीचं घर. ते तोडलं, की खाली कितीही ज्वारी असली तरी मोर टिकणं अवघड. म्हणजे चिंचोलीकरांनी मोर राखायचे ठरवले असं म्हणण्यापेक्षा, चिंचा तोडल्या नाहीत म्हणून मोर राहिले, असं म्हणणं जास्त खरं. मोर पिकात उतरतात, नुकसान करतात, तरी गाव सोसतं. आता मोरांमुळे पर्यटक येतात, हुरडा-भाकरीवर दोन पैसे मिळतात, हेही खरं. पण पर्यटक काल-परवा आले. चिंचा त्याआधी कित्येक पिढ्या उभ्या आहेत.

आणि या चिंचेची गंमत पाहा. जिच्यावाचून आमटी होत नाही, जिच्यावर भुतं बसवल्याशिवाय गावाची गोष्ट पुरी होत नाही, ती चिंच मूळची आफ्रिकेतली! इथं येऊन ती इतकी रुजली, की तिला परकी म्हणायला जीभ वळत नाही.

तिच्या आंबटपणाचीही एक तऱ्हा आहे. लिंबू आंबट असतं ते सायट्रिक आम्लामुळे. बहुतेक फळं पिकताना आपलं आम्ल कमी करत जातात आणि गोड होतात. चिंच मात्र टार्टारिक आम्ल भरून ठेवते आणि पिकताना ते जवळजवळ तसंच राखते. साखरही भरपूर जमवते. म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी गोडही लागते आणि दातही आंबवते. संध्याकाळ झाली की तिची बारीक पानं जोडीजोडीनं मिटतात, सकाळी पुन्हा उघडतात. चिंचेखाली रात्री जाऊ नये असं सांगणाऱ्या आजीनं हे पाहिलेलं असणारच.

चिंचोक्याची कथा तर आणखी लांब जाते. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवले की चिकट खळ होते. धनगरी घोंगडीच्या ताण्याला ही खळ देतात, त्याशिवाय लोकरीचा धागा मागावर ताण सोसत नाही. चिंचोक्यातला जो पदार्थ हे काम करतो, तो झायलोग्लुकन नावाचा साखरेच्या रेणूंचा लांब गोफ. याच कामासाठी चिंचोक्याची पूड कापडगिरण्यांतही वापरतात. म्हणजे माळावरच्या मेंढीच्या पाठीवरची लोकर आणि बांधावरच्या झाडाचं बी एकत्र आल्याशिवाय घोंगडी होत नाही. झाड आपलं होतं ते असं, एकेका वापरानं.

वापर एवढंच कारण आहे का? मग एक कोडं सोडवा. वेडी बाभूळ. दौंड-शिरूरच्या ओढ्यानाल्यांत, नदीपात्रात, रेल्वेच्या कडेला जिथं तिथं माजलेली. हीसुद्धा परदेशी, अमेरिका खंडातली. हीसुद्धा उपयोगी. सरपण होतं, कोळसा होतो, शेंगा जनावरं खातात. कित्येक घरांची चूल हिच्यावर पेटते. पण हिला कुणी पार बांधल्याचं ऐकलंय? हिच्याखाली कुणाचं लग्न ठरलंय? चिंच पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली, वेडी बाभूळ मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. का?

इथं मानसशास्त्र मदतीला येतं. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी ती आवडू लागते. अर्थहीन शब्द, अनोळखी चेहरे, काहीही. कारण लागत नाही, फायदा लागत नाही, नजरेला सवय झाली की पुरे! पण नुसती सवय पुरेशी असती तर वेडी बाभूळ गावाची लाडकी झाली असती. दुसरा धागा २०१२ सालचा. मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी लोकांना आयकियाचं फर्निचर स्वतः जोडायला दिलं, आणि लोकांनी आपल्या हातानं जोडलेल्या साध्या खोक्याला तयार खोक्यापेक्षा जास्त किंमत लावली. जिथं हात लागतो तिथं जीव जडतो. चिंच कुणीतरी लावली, राखली, पाणी घातलं. वेडी बाभूळ गावात कुणी हौसेनं लावली नाही, ती शेळ्यांच्या लेंड्यांतून आपली आपणच पसरली. तिच्या मागे आजोबा नाहीत.

कॅनडातल्या लायला स्कॅनल आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी २०१० साली जागेच्या मायेचे तीन पदर सांगितले: माया करणारा कोण, ती माया मनात आणि वागण्यात कशी उतरते, आणि ती जागा कशी आहे. गावातल्या झाडाला हे ताडून पाहा. पार सगळ्या गावाचा आणि चिंच एका घराची, हा पहिला पदर. झाडाखालच्या आठवणी आणि त्याला घातलेलं पाणी, हा दुसरा. आणि त्याचं प्रत्यक्ष असणं, म्हणजे बुंधा, सावली, मोर, हा तिसरा. तिन्ही पदर एकत्र आले, की त्या झाडाला हात लावणं म्हणजे घरातल्या माणसाला हात लावणं.

असं झाल्यावर काय घडतं? सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावात रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या आड एक वड येत होता. लोक त्याला चारशे वर्षांचा म्हणत. २०२० साली तो तोडायची वेळ आली, गाव आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, बोभाटा झाला आणि आखणी बदलावी लागली. राष्ट्रीय महामार्ग बाजूला सरला, एका झाडासाठी! अशा विरोधाला अधिकारी बहुधा आडमुठेपणा म्हणतात. ब्रिटनमधला संशोधक पॅट्रिक डिव्हाइन-राइट यानं २००९ साली नेमकं याच्या उलट मांडलं: ‘आमच्या दारात नको’ म्हणणारे सगळे स्वार्थी नसतात, जागा मोडली की त्यांचं स्वतःचंच काहीतरी मोडतं. मला हे पटतं. झाड वाचवायला सरसावणारा माणूस झाडाचा हिशेब करत नसतो, स्वतःचा करत असतो.

कायद्यालाही अशी माया असते, हे कुठं माहीत असतं आपल्याला? महाराष्ट्रात १९६४ सालचा झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा आहे. स्वतःच्या शेतातलं झाड असलं, तरी काही ठरावीक झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत साग आहे, आंबा आहे, फणस, मोह, जांभूळ, चंदन आहे आणि चिंच आहे. बाभूळ नाही. हिवर नाही. बोर नाही. म्हणजे जी तीन झाडं शिरूर-दौंडच्या माळाची अस्सल, काटेरी, बिनपाण्याची लेकरं, ती यादीबाहेर. आफ्रिकेतून आलेली चिंच आत! २०२१ साली शहरी भागाच्या वृक्षकायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून मान मिळाला. तो कायदा नगरपरिषदांच्या हद्दीत चालतो. दौंड शहरातल्या जुन्या वडाला तो लागू, शहराबाहेरच्या त्याच वयाच्या वडाला नाही. इथं मायेला सीमारेषा आखली आहे, आणि ती आखणाऱ्यानं वडाला विचारलेलं नाही.

इथवर सगळं गोड आहे. आता या मायेची आंधळी बाजू.

शिरूर आणि दौंडचं मूळ रूप काय? आज तुम्ही पाहाल तर पाटाच्या पाण्यावरचा ऊस. चासकमानचं पाणी शिरूरला, खडकवासल्याचं दौंडला. उसाला सावली चालत नाही, म्हणून बांधावरची झाडं गेली. पण ऊस नव्हता तेव्हा इथं जंगल होतं का? नाही. इथं माळ होता. गवत, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ. चिंकारा, लांडगा, खोकड. दौंडच्या दक्षिणेला बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण तिथं आजही चिंकारा दिसतो. माळ कसा असतो हे पाहायचं असेल तर तिथं जावं.

माळ आपल्याला दिसत नाही, ही खरी अडचण. झाड दिसतं, कारण ते उभं असतं. गवत पायाखाली असतं. गोऱ्या साहेबांच्या महसुली नोंदींनी त्याला पडीक म्हटलं आणि आपण तोच शब्द उचलला. पडीक म्हटलं की हात शिवशिवतात, काहीतरी लावावंसं वाटतं. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात वृक्षलागवडीची अफाट मोहीम झाली. एकट्या २०१९ सालचं उद्दिष्ट तेहतीस कोटींचं होतं. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण कोरड्या माळांवर वर्षानुवर्षं लावलं काय गेलं? बऱ्याच ठिकाणी गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतलं झाड. फांदी रोवली तरी जगतं, पाणी कमी लागतं आणि शेळ्या-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत. लावणाऱ्याच्या दृष्टीनं हा गुण. ज्याच्या मेंढ्या त्या माळावर चरतात त्याच्या दृष्टीनं हाच अवगुण.

माळावरच्या गवताला लख्ख ऊन लागतं. सावली दाट झाली की ते मरतं. आणि ते काय असतं हे जवळून पाहायचं असेल, तर दिवाळीनंतर माळावर चालून या आणि पायमोज्यात अडकलेलं एक कुसळ काढून तळहातावर ठेवा. टोकाला अणकुचीदार बी, मागे पिळलेली लांब शेपटी. आता त्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपटी स्वतःहून गरगर उलगडू लागते! सुकली की पुन्हा पिळली जाते. जमिनीवर पडलेलं कुसळ रात्रीच्या दवानं ओलं होतं, दिवसा सुकतं, आणि दर फेरीला त्याचं टोक गिरमिटासारखं मातीत थोडं थोडं शिरतं. टोकावरचे उलटे केस त्याला मागे सरू देत नाहीत. ना मेंदू, ना स्नायू, नुसता हवेतला ओलावा, आणि बी स्वतःला पेरतं. आपण याला म्हणतो तण.

भारतीय द्वीपकल्पातल्या अशा माळांवर दोनशेहून अधिक वनस्पती अशा आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. त्यांतल्या कितीतरी तर शास्त्राला गेल्या वीसेक वर्षांतच कळल्या. म्हणजे ज्याला आपण मोकळं समजून खड्डे खणत होतो, तिथं अजून नावं द्यायचं काम चालू आहे.

तुम्ही म्हणाल, हे माळ तरी मुळात जंगल तोडूनच झाले असतील. वनखात्यातही पिढ्यानपिढ्या हाच समज होता. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी याचा तपास एका भन्नाट जागी केला: जुन्या मराठी वाङ्मयात! संतचरित्रं, ओव्या, पुराणकथा, लोकगीतं. कथा काल्पनिक असली, तरी कवी आजूबाजूला दिसणारं झाडच तिच्यात घालणार, हे साधं सूत्र. २०२५ साली त्यांचा शोधनिबंध आला. पश्चिम महाराष्ट्राबद्दलच्या मजकुरात चव्वेचाळीस रानवनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. हिवर, तरवड, गवत, चरणारी गुरं. साडेसातशे वर्षांपूर्वीही इथं माळच होता. आपण ज्या ग्रंथांत देव शोधत होतो, त्यांत संशोधकांना सर्वेक्षण सापडलं.

मग हा माळ आपण विसरलो कसे? मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यानं १९९५ साली समुद्रातल्या माशांविषयी एक गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी आपण सुरुवातीला पाहिलं तेच मूळचं आणि पुरतं मानते, आणि आधीच्या पिढीनं काय पाहिलं ते हिशेबातून गळतं. दौंडला पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाला हिरवागार ऊसच गावचा निसर्ग वाटतो, त्याच्या पणजोबाला कुसळांनी भरलेला माळ वाटायचा. दोघांचं गावावर सारखंच प्रेम. पण दोघांच्या हाती खुरपं आणि रोपं दिली, तर दोघं दोन वेगळी गावं उभी करतील.

वनखात्याची नजरही बदलू लागली आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत आणि बारामतीतल्या शिर्सुफळला आता गवताळ प्रदेशाची सफारी चालते. लोक पैसे देऊन माळ पाहायला जातात! ज्यांनी माळ कधी नजरेआड केलाच नाही, ते मेंढपाळ मात्र या चर्चेत क्वचितच असतात. गायरानात कुठलं झाड लावायचं, कुठं चराई बंद करायची, हे ठरायचं तर ते ग्रामसभेत. ग्रामसभा रीतीप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. या भागातले बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडे, कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. जानेवारीची सभा त्यांच्याविना होते, पुष्कळदा मेचीही. ऑगस्टच्या सभेला ते गावात असतात. पण वनमहोत्सव असतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि तोवर माळावर खड्डे खणून झालेले असतात.